पाच किल्ल्या एकाच कमरेला : पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
एचआर प्रमुख आणि डिलिव्हरी प्रमुख,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या सर्व सॉफ्टवेअर कंपन्या,
पुणे.

विषय : वार्षिक रेटिंग, पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली मुदतीची योजना) आणि ‘स्वेच्छेने’ घेतले जाणारे राजीनामे.

स.न.वि.वि.

मार्चअखेर जवळ आली की तुमच्याकडे कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग ठरवायच्या मीटिंगा लागतात. काचेच्या खोल्या दोन-दोन तासांसाठी अडवल्या जातात, बाहेर पँट्रीत कुजबुज वाढते आणि एरवी चार वाजता चहाला खाली उतरणारे लोक अचानक सात-सात वाजेपर्यंत जागेवर दिसू लागतात. त्या मीटिंगांच्या आधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आत्ता लिहितो आहोत. लिहिणाऱ्यांत एचआरच्या फाइली सांभाळलेले आहेत, टीम चालवलेले आहेत, कामगार कार्यालयात द्यायचे अर्ज तयार करून देणारेही आहेत. कुणाची कर्मकहाणी इथे सांगायची नाही. यंत्र कुठे घासतं तेवढं दाखवायचं आहे.

ऑफिसातल्या राजकारणाचा विषय निघाला की तुमच्याकडून एकच उत्तर येतं : माणसांचे स्वभाव. मग त्यावर उपाय म्हणून मॅनेजर मंडळींना लोणावळ्याला नेऊन एक दिवसाचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं जातं. स्वभाव बदलणं आईबापांना जमलेलं नसतं, ते लोणावळ्यात एका दिवसात कसं जमावं? मात्र काम वाटणं, रेटिंग देणं, रजा मंजूर करणं, दुसऱ्या प्रोजेक्टवर सोडणं आणि जाताना कागद देणं, ही पाच कामं एकाच रिपोर्टिंग मॅनेजरच्या हातात ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवता. जुन्या वाड्यात सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्या घरातल्या सुनांनी पुढेपुढे केलं, एकमेकींविरुद्ध कान भरले, तर दोष सुनांचा किती आणि जुडग्याचा किती?

रेटिंगपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिथूनच फुटतं.

कागदावर पद्धत स्वच्छ आहे. कर्मचारी स्वतःचं मूल्यमापन भरतो, मॅनेजर आपलं मत लिहितो, कॅलिब्रेशनमध्ये सगळ्या टीम एका पट्टीवर आणल्या जातात. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. बेल कर्व्हचा दंडक असा की तळाच्या श्रेणीत १० टक्के माणसं हवीतच. सात जणांच्या टीमला १० टक्के म्हणजे पाऊण माणूसही होत नाही, म्हणून पाच-सहा टीम एकत्र करून ४० जणांचा गट करतात. तळाला चार जागा. मीटिंग दोन तासांची, म्हणजे माणशी तीन मिनिटं. त्यातही पहिला पाऊण तास वरच्या श्रेणीवर जातो, कारण व्हेरिएबल पे आणि बढती तिथे असते. घड्याळ पुढे सरकतं, कुणीतरी पुढच्या कॉलची आठवण करून देतो आणि तळाचे चार शेवटच्या दहा मिनिटांत ठरतात.

त्या दहा मिनिटांत नावं कुणाची येतात? ज्याच्या बाजूने खोलीत बोलणारं कुणी नसतं त्याची. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या प्रोजेक्टवरून आलेला, कारण त्याच्या पहिल्या सहा महिन्यांचा मॅनेजर त्या खोलीत नसतो. प्रसूती रजेवरून परतलेली, कारण ‘या वर्षी तिचं योगदान कमीच ना’ हे वाक्य कुणालाच वावगं वाटत नाही. (२६ आठवड्यांची रजा कायद्याने दिलेली आहे आणि रजेच्या काळात तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याने बदलायला कायद्याची बंदी आहे. रेटिंगची तुलना कामावर असलेल्या महिन्यांपुरतीच करावी, एवढी साधी सूचनासुद्धा बहुतेक फॉर्मवर नसते.) आणि नोटीस पिरियडवर असलेला. तो तर मॅनेजरला लागलेली लॉटरीच. जाणाऱ्याच्या नावावर तळाची जागा भरली की आपला एक माणूस वाचतो. काही बेरकी मॅनेजर एक कच्चा माणूस वर्षभर टीममध्ये मुद्दाम बाळगतात, मार्चमध्ये पुढे करायला.

चमचेगिरी इथे जन्माला येते. आपलं वर्षभराचं काम तीन मिनिटांत कुणीतरी दुसरा मांडणार आहे, हे एकदा कळलं की शहाणा माणूस त्या दुसऱ्याची मर्जी सांभाळण्यात वेळ घालवतो. त्याच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं. प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिक (जीई) या अमेरिकन कंपनीने २०-७०-१० ची, म्हणजे वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी ही वाटणी जगभर गाजवली. मायक्रोसॉफ्टने तशीच सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे मात्र ‘आम्ही बेल कर्व्ह काढला’ असं टाउनहॉलमध्ये सांगायचं आणि एक्सेलच्या कोपऱ्यात ‘अपेक्षित वितरण’ नावाचा रकाना ठेवायचा, असा दुहेरी कारभार अजून चालतो.

दुरुस्ती अवघड नाही. शंभरापेक्षा लहान गटाला टक्केवारी लावूच नका, कारण तेवढ्या आकड्यात ती निव्वळ चिठ्ठ्या टाकण्यासारखी होते. ज्याला तळाची श्रेणी द्यायची त्याला त्याआधी वर्षभरात किमान दोनदा लेखी सूचना गेलेली असली पाहिजे. ती मेल दाखवता आली नाही तर ती श्रेणी देता येणार नाही, हा नियम सिस्टिममध्येच बसवा. वर्षात दोन मॅनेजर झाले असतील तर दोघांचं लेखी मत घ्या, महिन्यांच्या प्रमाणात. आणि मीटिंगची मिनिट्स, म्हणजे लेखी नोंद ठेवा. मॅनेजरने दिलेलं रेटिंग खोलीत बदललं असेल तर कुणी सुचवलं आणि कोणत्या कामाचा दाखला दिला, या दोन ओळी पुरेत. आपलं नाव लिहिलं जाणार म्हटलं की माणूस ‘मला वाटतं ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे’ असं सहज बोलून जात नाही.

टाइमशीटबद्दल थोडक्यात. बऱ्याच पोर्टलवर दिवसाला आठ-नऊ तासांपेक्षा जास्त वेळ भरताच येत नाही आणि शनिवार-रविवारचे रकाने बंद असतात. माणूस बारा तास बसतो, नोंद नऊची होते. क्लायंटला दाखवायच्या हिशेबात काम नऊ तासांत झालेलं दिसतं, पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज त्याच आकड्यावर बांधला जातो, आणि जो मॅनेजर ‘याच टीममध्ये करून दाखवतो’ म्हणतो त्याला बढती मिळते. म्हणजे खोटी नोंद हेच कार्यक्षमतेचं माप होऊन बसतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट वेतन आहे, पण जो तास नोंदलाच नाही त्याचं वेतन कुठून काढणार? सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीत काम केलेल्या सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र तुम्ही वाचलं असेल. त्यानंतरच्या तपासणीत कामगार विभागाला जे आढळलं तेही आठवा : ते कार्यालय २००७ पासून सुरू होतं आणि या कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती. पोर्टलचं कुलूप काढा. खरे तास भरू द्या. मग मंजूर करायचे की नाही यावर भांडू.

आता पीआयपी. नाव ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’, पण त्यातली सुधारणा कुणाला अपेक्षित आहे हे कागद बघताच कळतं. ‘कम्युनिकेशन सुधारावे’, ‘ओनरशिप दाखवावी’, ‘प्रोॲक्टिव्ह राहावे’ अशी उद्दिष्टं असतील तर निकाल आधी लागलेला आहे, कारण ती पूर्ण झाली हे सिद्ध करायला जगात कुठलंच माप नाही. दुसरी खूण कामाची. सहा वर्षं ‘जावा’ या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम केलेल्या माणसाला अचानक कुणीही हात न लावलेलं जुनं मेनफ्रेमचं मोड्यूल दिलं जातं. तिसरी खूण दिवसांच्या हिशेबात सापडते. तीस दिवसांचा पीआयपी म्हणजे कामाचे दिवस एकवीस-बावीस. कोड जिथे ठेवतात त्या रिपॉझिटरीचा ॲक्सेस यायला आठ दिवस लागले, दोन दिवस सुट्टीचे गेले. राहिले अकरा-बारा. चार साप्ताहिक आढाव्यांपैकी तीन ‘क्लायंट कॉल आला’ म्हणून रद्द होतात आणि शेवटच्या दिवशी एचआरकडून मेल येते की आढाव्यांत अपेक्षित प्रगती दिसली नाही. जे आढावे झालेच नाहीत त्यांत प्रगती दिसणार तरी कशी?

खरा पीआयपी असा असतो. उद्दिष्टं तीनपेक्षा जास्त नाहीत आणि प्रत्येकात आकडा आहे : अमुक प्रकारचे इतके टिकेट (नोंदवलेली कामं), इतक्या दिवसांत, रिव्ह्यूत परत आलेले इतक्यापेक्षा कमी. मोजणारा कोण हे नावानिशी लिहिलेलं आहे, आणि ज्याच्याशी बिनसलं तोच मॅनेजर एकटा मोजणारा नाही. ॲक्सेस, लायसन्स, टेस्टिंगचं वातावरण हे सगळं पहिल्या दिवसाआधी हातात आहे. दर आठवड्याला अर्धा तास बसायचं, त्याच संध्याकाळी चार ओळींची नोंद दोघांना जाते. कंपनीमुळे गेलेले दिवस शेवटी जोडले जातात. आणि पार पडल्यावर ‘पार पडला’ असं पत्र मिळतं, ही नोंद फाइलमध्ये किती महिने राहील आणि तेवढ्या काळात अंतर्गत बदली अडेल की नाही, हेही त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या कंपनीत गेल्या दोन वर्षांत किती पीआयपी झाले आणि त्यांतले किती जण वर्षभरानंतर नोकरीत आहेत, हा आकडा काढून बघा. आम्हाला सांगू नका, पण स्वतः बघा.

पीआयपीनंतरची पायरी म्हणजे ती मीटिंग. वेळ बहुधा शुक्रवारी दुपारी चारनंतरची, आमंत्रणाचा विषय ‘कॅच-अप’. खोलीत मॅनेजर आणि एचआरचे दोघे. फोन बाहेर ठेवायला सांगतात. टेबलावर लॅपटॉप, त्यावर पोर्टलचं राजीनाम्याचं पान आधीच उघडलेलं. दोन पर्याय तोंडी सांगितले जातात : आत्ता राजीनामा टाकला तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलिव्हिंग लेटर, नाही टाकला तर टर्मिनेशन, आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला आम्ही काय सांगू ते तुम्हीच समजा. विचार करायला वेळ मागितला तर ‘हे आजच क्लोज करायचंय’. लेखी काहीच मिळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हे का होतं तेही स्पष्ट लिहितो, कारण इथे स्वभावाचा काडीमात्र संबंध नाही, शुद्ध हिशेब आहे. कंपनीने कामावरून कमी केलं तर ती कपात ठरते. कपातीला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई आणि सरकारला कळवणं लागतं. त्याच वर्गात शेवटी आलेला सहसा आधी जातो, हा क्रम मोडायचा तर कारण द्यावं लागतं. महिना ९० हजारांवर आठ वर्षं काढलेल्याचा हिशेब ढोबळमानाने मांडा : ४५ हजार गुणिले आठ म्हणजे ३ लाख ६० हजार, वर नोटिशीचे ९० हजार, एकूण साडेचार लाख. राजीनामा असेल तर यातलं काहीच लागत नाही. त्या खोलीतले दोन महिन्यांचे १ लाख ८० हजार म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार.

कपातीचे हे नियम कायद्याच्या व्याख्येतल्या ‘वर्कर’लाच लागू होतात, आणि ‘आमचे इंजिनीअर वर्कर नाहीत’ हे तुमचं आवडतं उत्तर आम्हाला पाठ आहे. पदनामाने ते ठरत नाही. कार्डावर सीनिअर कन्सल्टंट छापलेलं असलं, पण माणूस दिवसभर स्वतः कोड लिहीत असेल, कुणाची रजा मंजूर करत नसेल, कुणाला कामावर घेत वा काढत नसेल, तर त्याच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहिलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम करणारा माणूस वर्करच्या व्याख्येत आहे. प्रत्यक्ष व्यवस्थापन करणारे, किंवा पर्यवेक्षक म्हणून महिना १८ हजारांहून जास्त घेणारे, तेवढे बाहेर.

हे पत्र तुमच्याबरोबर तुमचे कर्मचारीही वाचणार, तेव्हा दोन शब्द त्यांच्यासाठी. त्या खोलीत सही किंवा क्लिक करून बसला असाल तर त्याच संध्याकाळी, स्वतःच्या खासगी मेलवरून, एचआरला आणि त्यांच्या वरिष्ठाला लिहा : तारीख, वेळ, खोलीचं नाव, कोण कोण होतं, कोणते शब्द वापरले, आणि राजीनामा स्वेच्छेचा नसल्याने मागे घेत आहे हे एक वाक्य. शिवीगाळ नको, विशेषणं नकोत. दबावाखाली घेतलेला राजीनामा ही सेवासमाप्तीच, असं न्यायालयांनी मानलेलं आहे, मात्र दबाव होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. तीन आठवड्यांनी वकिलाच्या सल्ल्याने लिहिलेल्या मेलपेक्षा त्या संध्याकाळच्या मेलचं वजन जास्त. कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फाइली स्वतःला पाठवू नका. ते केलंत तर तुमचीच बाजू लंगडी पडते. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रेटिंगची पत्रं आणि पीआयपीचा कागद एवढं मात्र आधीच घरी हवं. कामगार कार्यालयातल्या सलोखा अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पण तेवढं थांबू नका.

तुमच्याकडून या बाबतीत मागणी एवढीच : अशा मीटिंगचा विषय आमंत्रणात खरा लिहा, सोबत एक सहकारी आणू द्या, देऊ केलेल्या अटी लेखी द्या आणि किमान तीन कामाचे दिवस विचाराला ठेवा. कपात करायचीच असेल तर कपात म्हणून करा.

फुल अँड फायनलबद्दल, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाबद्दल, ‘४५ दिवसांत’ हे वाक्य अजून बहुतेक कंपन्यांच्या पत्रात दिसतं. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की बडतर्फी, वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे आणि ही तरतूद मॅनेजरांनाही लागू आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. ‘नो ड्यूज’च्या नावाखाली हेडफोन परत आला नाही म्हणून दोन लाख अडकवून ठेवायला त्यात जागा नाही. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायचं टाळूनही काही जण माणसाला टांगून ठेवतात. आता शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला स्वतः टाकता येते, तेव्हा तो डाव जुना झाला. राहतं रिलिव्हिंग लेटर, पाचवी किल्ली. ती रिपोर्टिंग मॅनेजरच्या मंजुरीच्या साखळीतून काढून टाका. शेवटच्या दिवशी सहा वाजता सिस्टिमने ते आपोआप पाठवावं.

एक शब्द तुमच्या ‘निनावी’ सर्वेक्षणाबद्दल. सहा जणांच्या टीमचा निकाल लिंग आणि सेवेची वर्षं अशा दोन चाळण्या लावून बघता येत असेल, तर टीममधल्या एकुलत्या एक मुलीने काय लिहिलं ते शोधायला मॅनेजरला अर्धा मिनिट पुरतो. आणि दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, ‘कुणाला काही अडचण असेल तर माझ्याशी थेट बोला’ असं तो हसत सांगतो. दहापेक्षा कमी उत्तरांच्या गटाचा निकाल कुणालाच दिसू देऊ नका, मोकळ्या मजकुराच्या प्रतिक्रिया टीमच्या नावाशिवाय वर पाठवा. नाहीतर सर्वेक्षण बंद करा, निदान फसवणूक तरी होणार नाही.

तक्रार कुठे करायची, हा शेवटचा मुद्दा. लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती आहे, तिच्या मुदती ठरलेल्या आहेत. पण रोजच्या स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, मुद्दाम मीटिंगांतून वगळणं, काम काढून घेऊन नंतर ‘काय करतोस दिवसभर’ विचारणं, या साध्या दादागिरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अशी तक्रार एचआर बिझनेस पार्टनरकडे जाते, तो ज्या डिलिव्हरी प्रमुखाला सांभाळतो त्याच्याविरुद्धच असते आणि दुपारपर्यंत मॅनेजरला कळलेली असते. औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा त्याहून जास्त वर्कर असलेल्या प्रत्येक आस्थापनेला तक्रार निवारण समिती सक्तीची आहे : जास्तीत जास्त दहा सदस्य, निम्मे कर्मचाऱ्यांचे, अध्यक्षपद वर्षाआड दोन्ही बाजूंकडे, स्त्रिया त्यांच्या प्रमाणात. कारण घडल्यापासून वर्षभरात अर्ज, तीस दिवसांत निर्णय. तुमच्या इमारतीत ती समिती आहे का? असेल तर तिच्या सदस्यांची नावं इंट्रानेटच्या पहिल्या पानावर का नाहीत? आणि कर्मचाऱ्यांचे सदस्य तुम्हीच नेमले असतील तर त्या समितीला कुणी विचारणार नाही, चहापेक्षा किटली गरम एवढाच अनुभव लोकांना येईल.

३१ मार्चपूर्वी तीन गोष्टी हव्यात : समितीच्या सदस्यांची नावं जाहीर, या वर्षीच्या कॅलिब्रेशनची मिनिट्स लिहिलेली, आणि अंतर्गत बदलीत सध्याच्या मॅनेजरचा नकार तीस दिवसांपलीकडे चालणार नाही असं एक परिपत्रक. यातल्या एकालाही नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

कळावे,

आपल्याच मजल्यांवर काम करणारे आणि केलेले काही जण

ता.क. : राजीनाम्याच्या पोर्टलवर कारण निवडायची यादी असते. उच्च शिक्षण, लग्न, स्थलांतर, चांगली संधी, वैयक्तिक कारण. खोलीत बसवलेला प्रत्येक जण ‘वैयक्तिक कारण’ निवडतो, कारण दुसरं काही निवडता येत नाही, आणि वर्षअखेरीस तुम्ही संचालकांना दाखवता की सर्वाधिक लोक वैयक्तिक कारणांनी गेले. त्या यादीत ‘कंपनीने सांगितलं म्हणून’ ही एक ओळ वाढवा. प्रोजेक्टविना बेंचवर बसलेला कुणीही दुपारच्या जेवणाआधी करून देईल.